जुने सीएफएल भंगारात घालू नका, पोरांना लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात खानापूर भागातल्या एका हायस्कूलचं विज्ञान प्रदर्शन बघायला गेलो होतो. नववीच्या तीन पोरींनी पुठ्ठ्याचा डबा, दोन ब्लेडच्या मधली फट, डीव्हीडीचा तुकडा आणि वर मोबाईल असा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून मोजायचं यंत्र, केलेला, आणि गुळाच्या पाण्यात बाहेरचा रंग घातलाय का ते त्यातून बघायलेत. मला लई आवडलं. आपल्याकडं गूळ म्हणजे घराघरातला विषय, आणि डीव्हीडीचा तुकडा तर कॉलेजच्या ग्रेटिंगपेक्षा (उजेडाचे रंग फोडणारी बारीक रेषांची काच) बारीक, तिच्यावर मिलिमीटरला साधारण 1350 रेषा असतात आणि आमच्या लॅबच्या ग्रेटिंगवर इंचाला 15000, म्हणजे मिलिमीटरला 590 च्या आसपासच. पण चार्टवर नॅनोमीटरचे आकडे, म्हणजे कुठला रंग किती तरंगलांबीचा ते, अगदी ठासून लिहिलेले, म्हणून विचारलं, बाळ हे स्केल कुठनं आणलं? तर म्हणाली एलईडी बल्ब बघितला, जांभळं दिसायला लागलं तिथं 400 धरलं आणि लाल संपलं तिथं 700.

इथंच घोळ आहे बघा. एलईडीला रेघ, म्हणजे एकाच ठरलेल्या रंगाचा बारीक चमकता पट्टा, अशी नसतेच. 450 च्या आसपास निळा उंचवटा, मग पिवळ्याकडं एक भलामोठा डोंगर, आणि दोन्ही टोकं हळूहळू विरत जातात, ती कुठं संपली हे कॅमेऱ्यागणिक बदलतं. हेडमास्तरांच्या खोलीत एक जुना सीएफएल (वाकड्या नळीचा, आत पाऱ्याची वाफ असलेला बल्ब) होता तो लावून बघितला, तर पाऱ्याची हिरवी रेघ जी 546.1 ला यायला पाहिजे ती पोरींच्या स्केलवर 568 ला. बावीस नॅनोमीटर! एवढी चूक असताना गुळात रंग आहे की नाही हे कुणी सांगू नये.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, आयुष्य मर्क्युरी आणि सोडियमचे दिवे पेटवण्यात गेलं. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर गुलाबी दिसतो कारण आत थोडा निऑन असतो, मग सोडियम तापला की पिवळा, आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं घाईनं पहिल्या मिनिटालाच रीडिंग घ्यायचं. असो. मुद्दा असा की दिव्यातला वायू किंवा वाफ विजेनं पेटली की ती आपल्या ठरलेल्याच तरंगलांबीला उजेड देते, पारा बेळगावात पेटवा नाहीतर बंगळूरात, निळी रेघ 435.8 लाच. 1960 पासून 1983 पर्यंत तर जगाचा मीटरच क्रिप्टॉनच्या दिव्याच्या नारिंगी रेघेवरून ठरत होता. तीच पट्टी आपल्या घरातल्या जुन्या बल्बात फुकट आहे की.

पण सीएफएल वापरताना एक फसगत होते. त्यात सगळ्यात ठळक दिसते ती 611 ची तांबडी रेघ, ती पाऱ्याची नव्हेच, काचेच्या आतल्या पावडरीतल्या युरोपियम नावाच्या धातूची. हिरव्यालाही शेजारी 542 च्या आसपास त्याच पावडरीतल्या टर्बियम या दुसऱ्या धातूचा उजेड असतो आणि पोरांच्या डब्यात दोन्ही एकमेकांत मिसळून शेंडा थोडा सरकतो. मी सांगेन की 435.8 घट्ट धरा, पिवळ्या दोन, 577.0 आणि 579.1, बहुतेक एकच दिसतील, त्यांना 578 धरा, आणि हिरवी पडताळायला ठेवा. लाल बाजूला पाऱ्याचं ठळक काही नाही, तिथं निऑन पाहिजे. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावर जो बारका नारिंगी इंडिकेटर असतो (आत दोन तारा चमकताना दिसल्या तर निऑन, सगळीकडं सारखा उजेड असेल तर एलईडी) त्यात 585.2, 640.2, 703.2 अशा छान रेघा मिळतात. बोर्ड मात्र उघडायचा नाही, आत 230 व्होल्ट आहेत, बाहेरनंच फट धरायची.

दोन रेघांवर सरळ पट्टी बसते, पण कॅमेऱ्यातलं अंतर तेवढं सरळ नसतं, म्हणून पाच सहा रेघा घेऊन वक्र बसवायचा आणि एक रेघ मुद्दाम बाजूला ठेवायची, ती कितीनं चुकली ते बघायचं, तेवढीच आपली चूक. शेवटच्या रेघेच्या पलीकडचे आकडे लिहूच नयेत. रेघ इतकी झगझगीत पण नको की तिचा शेंडा सपाट व्हावा, मग मध्य कुठला ते कळत नाही. आणि मोबाईल काढून परत लावला, झूम हलला, की सगळं परत पहिल्यापासून. हे शेवटचं पोरं कधीच ऐकत नाहीत.

रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे अजून कुठं कुठं आहेत, पण ते जास्त दाबाचे, त्यात 589 ची रेघ पसरते आणि नेमकी मधे काळी पडते, स्केल लावायला ते उपयोगाचे नाहीत. आणि पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही ट्यूब बाहेर काढून पेटवायचं कुणाच्या डोक्यात आलं तर शिक्षकांनी तिथंच थांबवावं, तीपण पाऱ्याचीच, पण तिचा 253.7 चा उजेड दिसत नाही आणि डोळे जाळतो.

आता तक्रार. आमच्याच लॅबमधले जुने दिवे, चोकसकट, मी रिटायर झाल्यावर भंगारात गेले असं कळलं, आणि घरोघरी एलईडी आल्यापासून सीएफएलचीही तीच गत. फुटले की पारा बाहेर येतो ती गोष्ट वेगळीच, फुटलाच तर खिडक्या उघडा, काचेला हात लावू नका, झाडू पण मारू नका, जाड कागदानं गोळा करा. पण चालू असलेला एक तरी सीएफएल प्रत्येक शाळेनं खोक्यात घालून कपाटात ठेवावा एवढी विनंती आपल्या पेपरातून हेडमास्तरांपर्यंत पोचवा.

माझ्याकडं तीन चालू सीएफएल आणि एक निऑनवाला बोर्ड आहे, सीमाभागातल्या कुठल्याही शाळेला देतो, कानडी असो मराठी असो. त्या तीन पोरी एक घेऊन गेल्यात. परत आणून द्यायचं मात्र विसरू नका, तेवढेच उरलेत.

आपला,
एक रिटायर लॅब असिस्टंट, शहापूर, बेळगाव