बांधावरच्या हरळीवर कुणीतरी पीएचडी करा

संपादक साहेब, नमस्कार.

परभणीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी, पीएचडी करणाऱ्या पोरापोरींपैकी एकानं तरी मैदानावरच्या गवताचा विषय घ्यावा असं मला फार वाटतं. लोक म्हणतील इथं प्यायला पाणी नाही अन् तुम्हाला लॉनचं पडलंय. पण म्हणूनच तर म्हणतोय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, अन् त्याच महिन्यात मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून हायकोर्टानं मे मधल्या आयपीएलच्या मॅचेस राज्याबाहेर न्यायला लावल्या, मग कमी पाण्यावर टिकणारं गवत आपण नाही शोधायचं तर कुणी?

आमच्या कॉलनीच्या बागेत नर्सरीतनं आणून लॉन लावलं. पावसाळ्यात त्यावर नाण्याएवढे वाळके ठिपके पडले, सकाळी दव असताना वाकून बघितलं तर पात्यांवर बुरशीचे पांढरे धागे दिसायचे, अन् बघता बघता ठिपके एकमेकांत मिसळून अख्खा पट्टा गेला. कारण असं की हे गवत बियांनी नाही, तुकडे लावून वाढवतात, म्हणजे सगळं एकाच झाडाचं, एकाला रोग लागला की सगळ्यांना लागणार. अमेरिकेत टिफ्टन गावी गवताचे संशोधक ग्लेन बर्टन यांनी १९६० मध्ये दिलेली टिफवे ही लॉनची जात अशीच, आपली हरळी अन् आफ्रिकेतलं तिच्या नात्यातलं बारीक गवत यांचा संकर, त्याला बीच धरत नाही.

आणि मूळ हरळी तर आपल्या बांधावर फुकट पडलीय! शेतकरी तिला शिव्या देतो, खरंय, काळ्या रानात घुसली की कुळवानं पण निघत नाही, पण तोच चिवटपणा मैदानाला पाहिजे. गोदाकाठची, बीडच्या मुरमाडावरची, कॅनॉलखाली खारवटलेल्या रानातली अशी ठिकठिकाणची हरळी आणून शेजारी शेजारी लावायची, पाणी तोडायचं, मुद्दाम बुरशी सोडायची, कापत राहायचं, अन् जी टिकेल ती पुढच्या संकराला धरायची. नवी जात यायला वर्षं लागतात, पण ही निवड एमएस्सीच्या दोन वर्षांत सुरू होऊ शकते. मर अन् वांझ रोगाला तोंड देणारी बीएसएमआर ७३६ तूर आपल्याच बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राच्या कामातनं आली ना, मग गवताचं का नाही जमणार?

अन् हे बंगलेवाल्यांसाठी नाही हो. आमच्याकडची पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे मुरमावर पळायलेत, गुडघे दुखायलेत, धूळ नाकातोंडात जातीय. झेडपी शाळेच्या मैदानाला टँकरशिवाय टिकणारं गवत मिळालं तर ती पोरं त्यावर पळतील.

विद्यापीठानं अर्धा एकर प्लॉट अन् एक विद्यार्थी एवढं तरी द्यावं. नमुने पाहिजे असतील तर आमच्या गावाकडचे बांध मोकळेच आहेत, कधीही या.

आपला एक वाचक, परभणी