आधी मोहीम ठरवा, मग क्लास

संपादक महोदय,

सुट्टीच्या पुरवणीत आपण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, टेबलाभोवती बसून पात्रे वठवत गोष्ट पुढे नेण्याच्या, खेळाची ओळख करून दिलीत, हे फार चांगले केलेत. मात्र ‘ज्याला जो क्लास आवडेल तो त्याने घ्यावा’ हा त्यातला क्लासविषयीचा, म्हणजे पात्राच्या पेशाविषयीचा, सल्ला अपुरा आहे. फायटर, म्हणजे लढवय्या, कुठल्याही मोहिमेत, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीत, चालतो. रेंजर (रानात माग काढणारा), ड्रुइड (प्राण्याचे रूप घेणारा), रोग (चोर) यांचे तसे नाही. त्यांची खासियत ठरावीक जागी आणि ठरावीक कामातच उपयोगी पडते. ते काम मोहिमेत नसेल तर तो खेळाडू चौथ्या बैठकीपर्यंत मोबाइल काढून बसतो, आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो. खरी चूक गोष्ट चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, म्हणजे डीएमच्या, तयारीत असते.

1974 मध्ये हा खेळ निघाला तेव्हा लढवय्या, जादूगार आणि पुरोहित असे तीनच क्लास होते. चोर पुढच्या वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणी पुस्तकातून आला आणि तेव्हापासून एक दुखणे मागे लागले. आधी सापळा शोधायला कोणीही पुढे होई. काठीने फरशी ठोकून बघ, उंबऱ्यावर पाणी ओतून ते कुठल्या फटीत जिरते ते बघ, असे चाले. चोर आल्यावर बाकीचे हात बांधून उभे राहू लागले. यावर उपाय सोपा आहे. ज्याने नीट वर्णन केले त्याला सापळा फासा न टाकता सापडू द्यावा, आणि तो निकामी करण्याचे नाजूक काम चोराकडे ठेवावे.

कुलपाचेही तसेच. 2014 च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, रोगने चोराच्या हत्यारांवर एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य, +4) घेतली आणि त्याची चपळाई +3 असली, तर एकूण +7 होतात. फाशाचा आकडा आणि हे 7 मिळवून 15 काठिण्याचे कुलूप उघडायला 20 बाजूंच्या फाशावर 8 किंवा जास्त हवेत, म्हणजे शक्यता 65 टक्के. 100 पैकी 35 वेळा दार बंदच राहणार! पुढची सगळी गोष्ट त्याच दारामागे ठेवली असेल तर बैठक तिथेच संपली. म्हणून फासा फसला तरी कुलूप उघडू द्यावे, पण खडखडाट होऊन पहारेकरी जागा व्हावा. शिवाय आत जायची दुसरी वाट आधीच आखून ठेवावी.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो रेंजरवर. 2014 च्या नियमांत त्याला पहिल्या लेव्हलला एकच भूभाग निवडता येतो, दुसरा थेट सहाव्या लेव्हलला. त्या भूभागात त्याची टोळी जादूखेरीज वाट चुकत नाही, अवघड वाटेनेही प्रवास मंदावत नाही, आणि रानात अन्न शोधले तर दुप्पट मिळते. वाचायला छान, पण नीट पाहिले तर रानातल्या प्रवासाच्या अडचणीच यात पुसून टाकल्या आहेत. ‘मी वाट काढतो’ म्हटले की पोहोचलो, त्यात खेळ कुठला? डीएमने भर द्यावा तो त्याच नियमातल्या शेवटच्या ओळीवर: माग काढताना किती जण गेले, केवढे होते आणि किती वेळापूर्वी गेले, हे रेंजरला नेमके कळते. सातपुड्यात यावलच्या बाजूला एखाद्या नाल्याच्या ओल्या वाळूत त्याला सांगावे की सात माणसे, एक जड जनावर, दोन तासांपूर्वी. आता अंधार पडायच्या आत त्यांना गाठायचे, की वरच्या धारेने जाऊन पुढे दबा धरायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. रेंजरचे ज्ञान असे सर्वांच्या हाती निर्णय देते.

मोहीम सातपुड्यातली असेल तर जंगल आणि डोंगर मिळून एकच भूभाग धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुस्तकात तसे नाही, पण तोरणमाळच्या वाटेवर जंगल कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, यावर टेबलाशी वाद घालण्यात अर्थ नाही. टोळी खाली थाळनेरच्या किल्ल्याकडे उतरणार असेल तर रेंजरचा भूभाग सुटतो, म्हणून ते रेंजरच्या खेळाडूला सुरुवातीलाच सांगावे.

ड्रुइडच्या बाबतीत लेव्हल मोजून बघावी लागते. 2014 च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला तो पाहिलेल्या प्राण्याचे रूप घेतो, तासभर, आणि विश्रांतीआधी दोनदा. बिबट्या होता येतो. पोहणारा प्राणी मात्र चौथ्या लेव्हलशिवाय नाही. तेव्हा दुसऱ्याच बैठकीत पुरात असलेली तापी आडवी टाकून ‘मगर होऊन जा’ म्हणता येणार नाही. नावाडी ठेवा, त्याला अहिराणी बोलू द्या, आणि घासाघीस करायचे काम बार्डला, म्हणजे गाणाऱ्या-बोलक्या पात्राला, द्या.

क्लेरिकची, म्हणजे पुरोहिताची, मृतात्म्यांना पळवण्याची शक्ती दरोडेखोरांच्या मोहिमेत पडून राहते, पण बरे करण्याचे काम त्याला कायम असते, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही.

सुट्टीचा हिशोबही धरावा. दुसरी लेव्हल अनुभवाच्या 300 गुणांना, तिसरी 900 ला, चौथी 2700 ला. सातआठ बैठकांत चौथीच्या पुढे क्वचितच जाता येते. सन 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीतला शॅडोडान्सर हा पुढे घ्यायचा खास क्लास मुलांना भुरळ घालतो, पण त्याला लपण्याच्या कौशल्याचे 10 रँक, म्हणजे पायऱ्या, लागतात आणि कमाल मर्यादा लेव्हल अधिक 3 अशी आहे. म्हणजे सातवी लेव्हल गाठेपर्यंत वाट पाहायची. तोवर शाळा सुरू झालेली असते.

म्हणून पहिल्या बैठकीत फासे काढूच नयेत. डीएमने अर्ध्या पानावर प्रदेश, शत्रू, प्रवास किती, गावातले काम किती आणि शेवटची लेव्हल कोणती ते लिहून द्यावे. मग प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राला करायला आवडतील अशी तीन कामे लिहावीत. त्यांतले एकही पहिल्या तीन बैठकांत बसत नसेल तर डीएमने तसे स्पष्ट सांगावे. क्लास तेव्हाच बदलला तर कोणाचे मन दुखत नाही.

यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. 2014 च्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. बाराही क्लास आणि प्रत्येकाची एक उपशाखा त्यात आहे. श्रेय नोंदवले की मराठीत किंवा अहिराणीत भाषांतर करून वाटताही येतो. फासे नसतील तर 1 ते 20 च्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात, मात्र काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकून डबा हलवावा, नाहीतर वर दिलेली 65 टक्क्यांची शक्यता दुसऱ्याच चिठ्ठीला बदलते.

आपले,
जळगाव व धुळे येथील काही खेळाडू