गोळी लिहिली, पाण्याचे कोण सांगणार?

महोदय,

सुट्या, शिबिरे, घरातली लग्ने जवळ आली की मुलांच्या अंथरुणात शू होण्यावर गोळी मागितली जाते. ही गोळी बहुतेक वेळा डेस्मोप्रेसिनची असते. पाच वर्षांपुढच्या मुलाला चार दिवस परगावी जाण्यापुरती ती द्यायला हरकत नाही. पण चिठ्ठीवर मात्रा असते आणि पाण्याबद्दल अक्षर नसते, हे धोक्याचे आहे.

हे औषध मूत्रपिंडाला पाणी शरीरातच राखायला लावते, म्हणून रात्री लघवी कमी तयार होते. त्यावर तांब्याभर पाणी प्यायले तर ते बाहेर पडत नाही. रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, उलट्या होतात, प्रसंगी झटके येतात. म्हणून गोळीआधी १ तास आणि नंतर ८ तास फक्त घोट-दोन घोट पाणी. साडेआठला गोळी, तर साडेसातपासून पहाटे साडेचारपर्यंत हा नियम. झोपतानाचे दूध, सरबत, कलिंगड, संध्याकाळी पोहताना पोटात जाणारे पाणी, सारे यातच मोजायचे. दुधाला कोणी पाणी धरत नाही, आणि तिथेच फसते. ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले की ते थांबेपर्यंत गोळी बंद.

सुरुवात साधारण ०.२ मिलिग्रॅमने होते. एक-दोन आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टर ०.४ करतात. जिभेखाली विरघळणारी १२० मायक्रोग्रॅमची गोळी ही साध्या ०.२ मिलिग्रॅमच्या तोडीची. आकडे पाहून अदलाबदल करू नये. नाकातला फवारा तर या त्रासासाठी वापरूच नये, असे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००७ मध्येच सांगितले आहे. शिबिराच्या आदल्या रात्री पहिली गोळी देणे व्यर्थ. दोन आठवडे आधी घरीच देऊन पाहावी. रोज चालू असेल तर दर ३ महिन्यांनी आठवडाभर थांबवून गरज उरली आहे का ते तपासावे.

गोळी लागू पडत नाही, तेव्हा आधी पोट पाहावे. कडक शौचाने भरलेले मोठे आतडे मूत्राशयाला दाबते. शौच साफ होईपर्यंत मात्रा वाढवून उपयोग नाही. दुसरे कारण शाळेचे. तिथले स्वच्छतागृह नको म्हणून मुले दिवसभर पाणी टाळतात आणि संध्याकाळी घरी येऊन ढोसतात. हे पाणी सकाळ-दुपारकडे सरकवले तर काहींना औषधच लागत नाही.

स्वस्त म्हणून इमिप्रामिन मागून घेणाऱ्यांना मात्र कळकळीचे सांगणे आहे. ते नैराश्यावरचे औषध असून हृदयाची लय बिघडवू शकते. घराण्यात कुणाला अकाली, अचानक मृत्यू आला असेल किंवा मुलाला भोवळ येत असेल, तर ईसीजीशिवाय नको. २५ मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांची पट्टी दोन वर्षांच्या भावंडाच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो. ती कुलपातच हवी.

औषध थांबले की त्रास परत येणे नेहमीचे. टिकाऊ गुण अंथरूण ओले होताच वाजणाऱ्या अलार्मच्या यंत्राने अधिक येतो, पण त्यासाठी दोन-तीन महिने रोज रात्री पालकांनाच उठावे लागते. मूल सहा महिने कोरडे राहून पुन्हा अंथरूण भिजवू लागले, तहान वाढली, वजन उतरले, तर गोळी नको. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

– एक बालरोगतज्ज्ञ, सातारा