चार खिडक्यांपैकी एकच उघडी : रेल्वेमंत्र्यांना एका लोकलवालीचं खुलं पत्र

मा. रेल्वेमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी गेली 19 वर्षं मुंबईत लोकलने कामाला जाते. पास असतो, त्यामुळे तिकिटाच्या रांगेशी माझा तसा संबंध येत नाही आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी त्या रांगेकडे नीट बघितलंही नव्हतं. मागच्या महिन्यात एका रविवारी आईला घेऊन मावशीकडे निघाले तेव्हा बघावं लागलं.

आईकडे बटणाचा फोन आहे, पास नाही. स्टेशनवर पोचल्यावर मी मोबाईलवरून तिचं तिकीट काढायला गेले तर अ‍ॅप म्हणालं की तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आहात, इथून पेपरलेस तिकीट निघणार नाही, क्यूआर स्कॅन करा. भिंतीवरचा क्यूआर उन्हाने इतका पांढरा पडलेला की स्कॅनच होईना. तिकिटाची दोन मशीन होती, एक बंद आणि दुसऱ्यावर लोकांना तिकीट काढून देणारे काका त्या दिवशी आलेले नव्हते, आणि तिकिटाच्या चार खिडक्यांपैकी एक उघडी. आई 35 मिनिटं रांगेत उभी होती साहेब, 10 रुपयाच्या तिकिटासाठी, गुडघे दुखत असताना. मी म्हटलं तू बस मी उभी राहते तर म्हणाली दोघी उभ्या राहू, सरकतेय रांग. आणि एवढं करून गाडीत बसलो तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी एक लाईन बंद, स्लो गाडी फास्ट लाईनवरून, आम्हाला जिथे उतरायचं तिथे ती थांबलीच नाही. तिकीट देताना कुणी सांगितलं नाही. पुढच्या स्टेशनला उतरून रिक्षाने मागे आलो, रिक्षाला तिकिटाच्या कितीतरी पट पैसे गेले.

स्टेशनचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की त्या एका खिडकीमागच्या माणसाला नोटीस जाईल आणि तो बिचारा तर एकटा, पाणी प्यायलाही न उठता, सुट्टे नाहीत म्हणून भांडणाऱ्या लोकांशी शांतपणे बोलत तिकिटं देत होता. त्याच्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या का होत्या हे त्याला विचारून काय उपयोग, ते तुम्हालाच विचारायला पाहिजे म्हणून हे पत्र.

त्या 35 मिनिटात मी रांगेतली माणसं बघत होते. पासवाले रांगेत नसतात, ऑफिसवाले बहुतेक सगळे मोबाईलवर गेलेत. रांगेत असतात ते ज्यांचं काम रोजचं नाही ते लोक. नाक्यावर काम मिळालं तर जाणारे, आठवड्यातून तीन दिवस घरकामाला जाणाऱ्या मावशी, लग्नात वाढपी म्हणून जाणारी पोरं, गावाहून आलेले आणि परळला टाटा हॉस्पिटल कुठे विचारणारे पेशंटचे नातेवाईक. यांना महिन्याचा पास परवडत नाही असं नाही, पासचा हिशोबच बसत नाही, कारण पुढच्या आठवड्यात किती दिवस काम असेल हेच माहीत नसतं. म्हणजे ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही कमी त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ उभं राहावं लागतं, आणि ज्या सोयी झाल्या त्या आमच्यासारख्यांच्या झाल्या.

सोयी झाल्या हे मी नाकारत नाही हां. मोबाईलवर तिकीट काढायचं यूटीएस अ‍ॅप 2014 मध्ये मुंबईत आलं तेव्हा आमच्या डब्यात सगळ्यांनी एकमेकींना शिकवलं होतं. एप्रिल 2024 मध्ये स्टेशनपासूनच्या अंतराची अट काढली, आता घरी बसून तिकीट काढता येतं हे फारच चांगलं झालं. मग 1 जुलै 2025 ला रेल्वेचं रेलवन अ‍ॅप आलं, ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई वन आलं ज्यात लोकल, मेट्रो, बेस्ट सगळं एकाच ठिकाणी. चांगलंच आहे, पण हे सगळं स्मार्टफोन असलेल्यासाठी आणि त्यात बॅटरी, नेट, खात्यात पैसे असं सगळं एकाच वेळी असलेल्यासाठी.

तुमच्या लोकांना आठवत असेल, पूर्वी कुपनं होती. पर्समध्ये कुपनांची छोटी पुस्तिका, पुलावरच्या मशीनमध्ये घालायची, खट्ट करून शिक्का, झालं. फोन नाही, कार्ड नाही, पासवर्ड नाही. माझी आई सातवी शिकलेली, ती कुपन न अडखळता वापरायची. ती बंद झाली आणि तिच्यासारख्यांना एकट्याने जमेल असं काही त्या जागी आलंच नाही. एटीव्हीएमचं, म्हणजे त्या तिकिटाच्या मशीनचं, स्मार्ट कार्ड आहे, पण ते रिचार्ज करायला परत खिडकी नाहीतर ऑनलाईन, आणि त्या स्क्रीनवरच्या नकाशात स्टेशन शोधताना मागच्या माणसाने नुसतं हूं केलं तरी आई घाबरून बाजूला होते. मशीनवरचे काका असतात तोपर्यंत सगळं चालतं, रिटायर झालेली रेल्वेची माणसं असतात ती, पटापट बोटं चालतात त्यांची. ते नसले की मशीन असून नसल्यासारखं.

आणि दुसऱ्या टोकाला टीसी उभा असतो. विनातिकीट सापडलं तर किमान 250 रुपये दंड वर भाडं, आणि तो घ्यायलाच पाहिजे, फुकटे आहेत, क्यूआरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून टीसी दिसल्यावर तिकीट काढणारेही आहेत, त्यांना पकडाच. पण 5 रुपयाचं तिकीट काढायला जो रांगेत उभा आहे आणि समोरून त्याची गाडी चाललीय, कामावर उशीर झाला तर आजचा खाडा, तो कधीतरी रांग सोडून पळतो आणि पकडला जातो. त्याला फुकट्या म्हणायचं माझ्याच्याने होत नाही. लोक पैसे द्यायला तयार असतात हो. मे 2022 मध्ये तुम्ही एसी लोकलचं भाडं जवळजवळ निम्मं केलंत, फर्स्ट क्लासचं 5 किलोमीटरचं तिकीट 50 वरून 25 रुपये केलंत, त्यानंतर एसीत काय गर्दी वाढली ते आम्ही बघितलंय. देता येईल असं भाडं आणि सहज मिळेल असं तिकीट असलं की माणूस तिकीट काढतो.

9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून माणसं गेली, त्यानंतर गर्दीवर, दरवाजांवर बोललं गेलं, ते बोलायलाच पाहिजे. पण जिन्याखालच्या त्या रांगेवर फारसं कुणी बोलत नाही.

म्हणून मागणी मोठी नाहीये. रविवारी आणि सणासुदीला, जेव्हा पास नसलेले लोक सगळ्यात जास्त निघतात, तेव्हा निम्म्या तरी खिडक्या उघड्या ठेवा. मशीनवरचे काका येणार नसतील तर बदली माणूस द्या. उडालेले क्यूआर बदला, महिन्यातून एकदा कुणीतरी फोन घेऊन फिरलं तरी कळेल कुठला चालत नाही. मेट्रोत जसं कार्ड टेकवून आत जाता येतं तसं काहीतरी लोकलला आणा, ज्यात रोख पैसे भरता येतील.

आणि मेगाब्लॉक. माटुंगा ते मुलुंड ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्टवर वळवतात आणि त्या विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत हे पेपरात छापून येतं, रेल्वे आधी जाहीरही करते, म्हणजे माहिती तुमच्याकडे असतेच. मग ती तिकिटाच्या कॉम्प्युटरला आणि अ‍ॅपला का नाही? त्या वेळात त्या स्टेशनचं तिकीट मागितलं तर स्क्रीनवर एक ओळ यावी की आज अमुक वाजेपर्यंत गाडी तिथे थांबणार नाही, अलीकडचं किंवा पलीकडचं स्टेशन घ्या, आणि खिडकीवरच्याने ती मोठ्याने वाचून दाखवावी.

मावशीचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे येत्या रविवारी आई परत तिच्याकडे निघालीय. मला सुट्टी नाही, ती एकटीच जाणार आहे. 10 रुपये सुट्टे तिने आत्ताच पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात काढून ठेवलेत.

आपली,
लेडीज डब्यातली एक पासवाली