कर्फ्यू पास माझ्या खिशात होता

दादर, मुंबई

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, युद्धाच्या बातमीसाठी युक्रेनमध्ये खारकिव्हला फिक्सर मिळालाय, म्हणजे तिथला वाटाड्या आणि दुभाषी, गाडीही त्याचीच आहे, आता काळजी करू नका." तेवढं ऐकून आई शांत झोपली. मला झोप आली नाही. हेल्मेट, जॅकेट, रक्त थांबवायचा पट्टा हे सगळं तुम्हाला शिकवलेलं आहे, त्यात माझ्यासारख्या निवृत्त माणसाने बोलू नये. मला बोलायचंय ते त्या गाडीवाल्याबद्दल.

कुर्ल्याच्या चाचांना तू जन्मापासून ओळखतेस. तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते, अजून ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन जिना चढतात. आमची दोस्ती कशी झाली हे तू विचारलंस की मी एका वाक्यात उरकायचो: दंगलीत त्यांच्या टॅक्सीतून फिरायचो. खरी गोष्ट त्या वाक्याच्या पुढे आहे.

१९९३चा जानेवारी. मी सव्वीस वर्षांचा, वर्तमानपत्रातल्या नोकरीत दुसरं वर्ष. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं गेली अशी नोंद पुढे श्रीकृष्ण आयोगाने केली. त्या दिवसांत मात्र आमच्या हाती धड आकडा नव्हता. आम्ही शवागाराबाहेर उभं राहून मोजायचो. चाचांची काळी-पिवळी पद्मिनी, पुढच्या काचेवर मी स्केचपेनने 'प्रेस' लिहिलेला कागद, आणि एक ठरलेला रिवाज. लालबाग-परळला गाडी अडवली की मी खाली उतरून बोलायचो, डोंगरी-नागपाड्याला ते. दोन्हीकडे दुसऱ्याने मान खाली घालून गप्प बसायचं. कोणत्या गल्लीत काल रात्री काय झालं, कोण बोलेल, कुणाच्या घरी थेट जायचं नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. मला काय येत होतं? लिहिता येत होतं. सकाळी बातमी छापून यायची, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून'. त्या 'आमच्या'मध्ये चाचा कुठे होते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

एका रात्री दहाच्या सुमारास त्यांनी मला फोर्टात ऑफिसपाशी सोडलं. मी धावतच वर गेलो, पान लागायची वेळ झाली होती. बातमी पहिल्या पानावर गेली. वरिष्ठांनी पाठ थोपटली, चहा मागवला, आणि मी ऑफिसातच टेबलावर झोपलो. दोन दिवस चाचा आले नाहीत. मी दुसऱ्या टॅक्सीने फिरलो. तिसऱ्या दिवशी ते चालत आले, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. परळच्या पुढे कुठेतरी गाडी जाळली होती. त्यांना तिथून पळता आलं म्हणून वाचले.

पहिला प्रश्न त्यांनीच केला, "खबर छपी क्या, साब?"

कर्फ्यू पास माझ्या नावाचा होता. तो त्या रात्री माझ्या शर्टाच्या खिशात होता, ऑफिसात. गाडीतून उतरताना तो माझ्याबरोबर वर गेला आणि चाचा त्याच रस्त्याने, जिथे रोज मी उतरून बोलायचो तिथून, एकटे घरी निघाले. "तुम्ही कसे जाल?" एवढंच विचारायचं होतं मला. विचारलं असतं तर ते ऑफिसच्या बाकावर झोपले असते. ऑफिसने भाड्याचं व्हाउचर मंजूर केलं. गाडीबद्दल, ते आमच्या नोकरीत नाहीत, असं उत्तर मिळालं. मी पतपेढीतून कर्ज काढून दिलं. चार वर्षांत त्यांनी पै न् पै फेडली, नको म्हटलं तरी.

त्याच पावसाळ्यात मी सिडनी शानबर्ग आणि डिथ प्रान यांच्याबद्दल वाचलं. शानबर्ग न्यूयॉर्क टाइम्सचे. आधी दिल्लीत राहून त्यांनी १९७१चं बांगलादेशचं युद्ध लिहिलं होतं. कंबोडियात प्रान त्यांचे दुभाषी, वाटाडे, सगळं काही. १७ एप्रिल १९७५ला ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतलं, शानबर्ग आणि इतर परदेशी पत्रकारांना धरून नेलं. प्रान त्यांच्यासोबत गाडीत चढले आणि हे मारण्यातले नाहीत असं तासन् तास सैनिकांना विनवत राहिले. सगळे वाचले. मग फ्रेंच दूतावासात आसरा मिळाला, पण तिथे कंबोडियन माणसाला राहू देईनात. एका ब्रिटिश पत्रकाराकडे जादा पासपोर्ट होता, त्यावर प्रानना बसवायची खटपट झाली. ती फसली. प्रान दरवाज्याबाहेर गेले ते साडेचार वर्षांसाठी. शिकलेला आहे हे कळलं तर मारतील म्हणून टॅक्सी ड्रायव्हर असल्याचं सांगून जगले. १९७६चं पुलित्झर, अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, शानबर्गनी प्रानच्याही वतीने घेतलं. ऑक्टोबर १९७९मध्ये प्रान थायलंडच्या हद्दीत पोचले, तेव्हा शानबर्ग त्यांना भेटायला तिथे गेले. दोघांची मैत्री २००८मध्ये प्रान जाईपर्यंत टिकली.

मी ते वाचलं आणि शर्टाचा खिसा चाचपला, बाळा.

आता तुझा तो माणूस. युक्रेनमध्ये सैन्यभरतीच्या वयातल्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई आहे. विमानतळ २०२२पासून बंद, म्हणजे तू पोलंडहून रेल्वेने जाशील आणि तशीच बाहेर पडशील. तो स्टेशनवर हात हलवेल आणि परत फिरेल. त्याचा विमा आहे का, हे तू निघण्याआधी तुझ्या संपादकांना विचार, आणि उत्तर लेखी घे. तुझं जॅकेट ज्या दर्जाचं, त्याचंही त्याच दर्जाचं हवं; नसेल तर मला सांग, इथून पैसे पाठवतो. नावाबद्दल मात्र घाई करू नकोस. बातमीखाली नाव देणं हा मान आहे असं आपल्याला वाटतं, पण सैन्य आज इकडे असतं, उद्या तिकडे, आणि छापलेलं नाव खोडता येत नाही. त्यालाच विचार. चाचांना मी पंधरा वर्षांनी विचारलं. ते म्हणाले, तेव्हा विचारलं असतं तर नको म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं.

आणि रात्री कामावरून परतलीस की आधी तो घरी पोचला का ते बघ, मग लॅपटॉप उघड. संपादक थांबतील. थांबत नसतील तर माझा फोन नंबर दे त्यांना.

गुरुवारी विमानतळावर चाचा येणार म्हणतात. आता गाडी चालवत नाहीत, पद्मिनीही रस्त्यावरून गेल्या, पण त्यांचा मुलगा आणणार आहे. मुलाला सकाळची पाळी आहे, म्हणून तो आपल्याला तिथे सोडून निघून जाईल. तू आत गेलीस की चाचांना मी रिक्षाने कुर्ल्याला पोचवणार आहे, तिसऱ्या मजल्यापर्यंत, आणि दार उघडलेलं बघून मगच दादरला येईन.

तुझा,
बाबा