नवा करार, पण जुन्या विशेष अटी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय कर्जातून होणाऱ्या मोठ्या बांधकामांत ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रमाण करार वापरले जातात. त्यांपैकी 1999 चे ‘रेड बुक’ (बांधकामाचा प्रमाण करार) हाताळण्यात आमच्या पिढीतील बहुतेक करार अभियंत्यांची उमेदीची वर्षे गेली. डिसेंबर 2017 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि 2019 मध्ये जागतिक बँकेने फिडिकच्या सहा प्रमाण करारांच्या वापराविषयी पाच वर्षांचा करार केला. तेव्हापासून नव्या निविदांमध्ये 2017 ची आवृत्ती दिसू लागली आहे. हा बदल योग्यच आहे. माझी तक्रार आहे ती कार्यालये तो ज्या पद्धतीने करतात त्याबद्दल.

सर्वसाधारण अटींचे पुस्तक नवे घेतले जाते, पण आपल्या कामापुरत्या विशेष अटी मागच्या निविदेतून जशाच्या तशा उचलल्या जातात. 1999 च्या पुस्तकात 20 कलमे होती, आता 21 आहेत. पूर्वी विमा कलम 18 मध्ये आणि दैवी आपत्तीसारखे प्रसंग कलम 19 मध्ये होते. नव्या पुस्तकात त्यांची अदलाबदल झाली आहे. काही वर्षांपूर्वी मी तपासलेल्या एका निविदेत ‘कलम 18.2 वगळण्यात येत असून कामाचा विमा मालक उतरवील’ असे छापले होते (मालक म्हणजे काम करून घेणारा पक्ष). जुन्या पुस्तकात 18.2 हे कामाच्या विम्याचे कलम होते, तर नव्यात ते अपवादात्मक घटनेची, म्हणजे दैवी आपत्तीसारख्या प्रसंगाची, नोटीस देण्याचे आहे. म्हणजे नोटिशीची तरतूद रद्द झाली आणि कंत्राटदाराने विमा उतरवावा असे सांगणारे 19.2 मात्र कायम राहिले. निविदापूर्व बैठकीत शंका विचारली, तेव्हा ‘निविदेनुसार’ एवढेच उत्तर मिळाले. काम सुरू झाल्यावर विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावर कित्येक महिने पत्रापत्री चालली. त्या काळात साइटवर ओतलेल्या काँक्रीटचा विमा नेमका कोणाच्या नावावर होता, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नसते.

मुदतींचा प्रश्न याहून नाजूक आहे. दाव्याची, म्हणजे जादा पैसे किंवा वाढीव मुदत मागण्याची, नोटीस 28 दिवसांत द्यायची ही अट जुनीच आहे, पण पूर्वी ती कंत्राटदारापुरती होती. आता मालकालाही तीच मुदत लागू आहे. सविस्तर दाव्यासाठी 42 ऐवजी 84 दिवस मिळतात. मालकाने नेमलेल्या अभियंत्याच्या निर्णयाविरुद्ध 28 दिवसांत असमाधानाची नोटीस दिली नाही, तर तो निर्णय अंतिम ठरतो. अशी मुदतीची अट, हक्क बजावण्यावर मुदतीचे बंधन घालणारे करार रद्दबातल ठरवणाऱ्या भारतीय करार कायद्याच्या कलम 28 पुढे टिकते का, यावर वकील वाद घालू शकतील. पण त्या भरवशावर 28 दिवस वाया घालवणे कोणत्याही कंत्राटदाराला परवडणारे नाही. मुख्य कंत्राटदाराकडे निदान करार विभाग असतो. खोदाई, सेंटरिंग किंवा भरावाचे काम घेणाऱ्या पोटकंत्राटदाराला मात्र वरच्या करारात काय बदलले याचा पत्ताही नसतो, आणि त्याच्याकडून नोटीस मिळेपर्यंत वरची मुदत उलटून गेलेली असते.

आधीच सही झालेली कामे पूर्ण होईपर्यंत 1999 च्या करारानेच चालतील, त्यामुळे एकाच कार्यालयात, अनेकदा एकाच टेबलावर, दोन्ही आवृत्त्या आणखी काही वर्षे नांदणार आहेत. म्हणूनच निविदा काढणाऱ्या सर्व प्राधिकरणांना माझी विनंती आहे की विशेष अटी नव्या पुस्तकावरून मुळापासून लिहाव्यात, जुन्या-नव्या कलमांचा ताळा दाखवणारा तक्ता निविदेसोबत द्यावा आणि मुदतींविषयीच्या कलमांचे मराठी टिपण पोटकंत्राटदारांपर्यंत काम सुरू होण्याआधीच पोहोचेल, अशी अट मुख्य कंत्राटदारावर घालावी.

आपला नम्र,
एक करार अभियंता, पुणे