मासळीचे आकडे महिन्यावार द्या : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी रत्नागिरीत संख्याशास्त्र शिकवते. मासळी कमी झाली, ही तक्रार हर्णैपासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरावर कानी पडते. पण नेमकी किती कमी झाली, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्याची, हे एका नजरेत दाखवणारा आलेख आमच्या मच्छीमारांच्या हाती नाही. आकडे गोळा होतात, पण ते एकमेकांना जोडता येत नाहीत, आणि हे दुखणे बरे करता येण्याजोगे आहे. म्हणून हे पत्र.

आधी वर्षाचेच घ्या. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरते, राज्याचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. आमचा हंगाम यांपैकी कशातच बसत नाही. १ जून ते ३१ जुलै बंदी, ऑगस्टपासून नौका बाहेर, मेअखेर जाळी घरी. दोन्ही हिशेबांत एकच हंगाम मध्येच तुटतो आणि त्याचे तुकडे दोन वेगळ्या वर्षांच्या खात्यावर पडतात.

याचा परिणाम वादळांत दिसतो. २०१९च्या ऑक्टोबरअखेर क्यार चक्रीवादळ आले, पाठोपाठ महा. ऐन हंगामात नौका बंदरात अडकून पडल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा हंगाम उरकत आला होता. त्याने घरे आणि बागा उद्ध्वस्त केल्या, पण त्या दिवसांची फारशी मासळी बुडाली असे म्हणता येत नाही. तौक्ते मे २०२१मध्ये, हंगामाच्या अखेरच्या पंधरवड्यात आले. तीन प्रकारचे नुकसान, आणि वर्षाच्या एका बेरजेत तिन्ही दिसेनाशी. सरकारने २०२५मध्ये मासेमारीला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, त्याचे मनापासून स्वागत. पण उद्या भरपाई ठरवताना महिन्याचा आकडा लागेलच.

आता तक्त्याविषयी. एका कार्यालयातून मला मिळालेला तक्ता असा होता : डावीकडे माशांच्या जाती, वर बारा महिने आडवे, जिल्ह्याचे नाव एका मोठ्या जोडलेल्या चौकटीत, मध्येच उपबेरजा. कागदावर छान दिसतो. संगणकाने वाचला की जिल्ह्याचे नाव फक्त पहिल्या ओळीला चिकटते, बाकीच्या ओळी बेवारस. उपबेरजा काढल्या नाहीत तर तीच मासळी दोनदा मोजली जाते. जूनच्या रकान्यात कुठे शून्य, कुठे रेघ, कुठे काहीच नाही. बंदी होती, मासळी मिळाली नाही की नोंदच झाली नाही? आलेखात या तिन्ही गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात.

आलेखाला तक्ता उभा लागतो : एका ओळीत एकच नोंद. महिना, वर्ष, बंदर, जात, जाळ्याचा प्रकार, वजन. वीस जाती आणि बारा महिन्यांचा आडवा तक्ता उलगडला की २४० ओळी होतात. मग त्याच ओळी ऑगस्ट ते मे अशा लावून हंगामाचा आलेख काढता येतो. तक्ता उलगडण्याचे हे काम एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या सोयीतली ‘अनपिव्हट’ ही आज्ञा करते. फुकट हवे असेल तर आर या संगणकीय भाषेतले टायडीआर किंवा पायथन भाषेतले पांडाज हे साधन आहे. एकाच माशाला एका ठिकाणी ‘पापलेट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सरंगा’ लिहिले असेल तर प्रत्येक जातीला शास्त्रीय नाव जोडले की काम भागते. ज्या माशाला २०२३मध्ये आपण राज्यमासा केले, त्याच्या नोंदी तरी एका नावाखाली याव्यात.

जिल्ह्यांचेही तसेच. १९८१मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, २०१४मध्ये ठाण्यातून पालघर. सातपाटी आणि डहाणू ही बंदरे त्या वर्षी ठाण्याच्या हिशेबातून गेली. हे न जाणणाऱ्याला आलेखात ठाण्याची मासळी एका वर्षात कोसळल्यासारखी दिसेल. बंदराला कायमचा संकेतांक दिला, तर जिल्हे कितीही बदलोत, बंदराची रेघ सलग राहते.

आणि जाळ्याचा रकाना कृपा करून गाळू नका. २०१६च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी (मोठ्या जाळ्याने माशांचा थवा घेरून जाळ्याचा तळ आवळण्याची) सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्यापुरती मर्यादित केली. पुढच्या पाच महिन्यांत रापणकरांच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांच्या) आणि इतर पारंपरिक मच्छीमारांच्या जाळ्यात काय फरक पडला? सिंधुदुर्गात या प्रश्नावरून माणसे एकमेकांच्या अंगावर गेली आहेत. महिना आणि जाळे, हे दोन रकाने एकत्र मिळाल्याशिवाय कोण खरे बोलतो हे तुम्हीही सांगू शकणार नाही आणि मीही.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ नोंदी संगणकावर आणायला आणि मागणी होण्याआधीच प्रसिद्ध करायला सांगते. तेव्हा वेगळा कायदा नको, महागडे सॉफ्टवेअर नको. पीडीएफऐवजी साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) द्या, मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवा (जुन्या फॉन्टमधले अक्षर दुसरीकडे नेले की वाचताच येत नाही), वजन सगळीकडे किलोत लिहा आणि मागच्या वर्षांच्या फाइल काढून टाकू नका.

सगळा किनारा एकदम जमणार नसेल तर येत्या १ ऑगस्टपासून मिरकरवाडा, हर्णै आणि मालवण या तीन बंदरांपासून सुरुवात करा. उभ्या तक्त्याचा नमुना मी आपल्या कार्यालयाला पाठवते, आणि जुने तक्ते उलगडायला माझे विद्यार्थी तयार आहेत. विभागातला एक अधिकारी या कामासाठी नेमून द्यावा, एवढी विनंती.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका,
रत्नागिरी